कोपराची खूण

राईड पहाटे निघणार होती, म्हणून सगळे आदल्या रात्रीच शाळेच्या व्यायामशाळेत मुक्कामाला आले होते. सायकली भिंतीला टेकून उभ्या, माणसं जमिनीवर आडवी, आणि हवा भरायचा पंप एकच, त्यामुळे तो आत्ता कोणाकडे आहे याची चौकशी सारखी चालू. दिवे दहाला घालवायचं ठरलं होतं. घालवले पण. झोपलं मात्र कोणी नाही. आयुष्यातली पहिली दोनशे किलोमीटरची राईड म्हटल्यावर झोप कोणाच्या बापाला येणार? लांबूने तर पाण्याच्या बाटल्या इतक्या वेळा धुतल्या होत्या, की आता त्यांचाच रंग जायचा बाकी होता.

ब्रेककाका कोपऱ्यात बॅटरी लावून एकेकाची सायकल बघत होते. कोणी "नमस्कार काका" म्हटलं की ते "ब्रेक तपासलेस का?" असं उत्तर देतात, म्हणून ब्रेककाका. जन्म छापखान्यात गेला, आता सत्तरीला टेकलेत. स्वतः लांबचं चालवत नाहीत. राईड संपते तिथल्या टेबलावर रात्रभर बसतात, आलेल्याला पाणी देतात आणि हरलेल्याला जास्त पाणी देतात.

लांबू अंथरुणावर बसून, हातात हँडल असल्यासारखं करून, उजवं कोपर हलवून बघत होता. ही सायकलवाल्यांची खूण. पुढच्याने वारा अंगावर घ्यायचा, मागच्याने त्याच्या चाकाला चिकटून आडोशाने यायचं. पुढचा दमला की त्याने कोपर बाहेर काढून फडफडवायचं. म्हणजे, ये बाबा, आता तू ओढ.

"कसं दिसतंय?" लांबूने विचारलं.

"कोंबडीला उडायची हौस आल्यासारखं," चष्मिस म्हणाली. ती त्याची मामेबहीण, त्यामुळे तिला असं बोलायचा जन्मसिद्ध परवाना.

"कोंबडी दिसो नाहीतर मोर," काका म्हणाले, "मागे कोण आहे ते माहीत असल्याशिवाय कोपर हलवायचं नाही. रात्री तर नाहीच नाही."

"मागे कोणी नसेल तर काय होणार आहे काका? कोणी पुढे येणार नाही, एवढंच ना?"

काकांनी बॅटरी विझवली. काळोखात त्यांचा आवाज जरा जवळ आल्यासारखा वाटला.

"एक बाई होती आपल्या ग्रुपमध्ये. तुम्ही यायच्या आधी. जे झालं ते तिने मला सांगितलंय, आणि शेवटचं तर मी स्वतः बघितलंय. ऐकायचं असेल तर ऐका. मग मला झोप नाही, मला भीती, असलं काही चालणार नाही."

आता एवढं बोलल्यावर कोण झोपणार होतं?

तर, तिला सगळे वहिनी म्हणायचे. त्याचं कारण तिची नणंद. नवऱ्याची धाकटी बहीण, लग्न न केलेली, त्यांच्याच घरात राहणारी. दोघी एकाच दिवशी ग्रुपमध्ये आल्या. डॉक्टरांनी वहिनींच्या गुडघ्यांसाठी सायकल सांगितली होती, आणि नणंदेला कोणी काहीच सांगितलं नव्हतं, पण वहिनी कुठे जाणार आणि ती घरी बसणार असं कधी झालं नव्हतं. ती हिला 'वहिनी' म्हणायची, ही तिला 'वन्सं' म्हणायची. मग ग्रुपमधली मिसरूडसुद्धा न फुटलेली पोरं बाईला वन्सं म्हणायला लागली.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी बजावलं होतं, नणंद धाकटी असली तरी तिला अहो म्हणायचं. सासूबाई गेल्या, अहो राहिलं. पण फक्त घरात. घरात "अहो वन्सं, गॅस बंद केलात का?" आणि सायकलवर टांग टाकली की "ए वन्सं, मर की जरा पुढे!"

कारण वन्सं कधी पुढे यायची नाही. पक्की आळशी. वहिनींच्या चाकाला चिकटायची ती घर येईपर्यंत. वहिनी वारा खायच्या, चढ ओढायच्या, खड्डा आला की हात मागे नेऊन बोटाने दाखवायच्या. मागे वन्सं गप्पा मारायची. भाजी काय करायची, ऑफिसातला साहेब कसा चालतो, शेजारणीने केस कसे रंगवलेत. वहिनींनी कोपर हलवलं की मागून उत्तर यायचं, "माशी बसली का गं?"

एकदा वहिनी खूप चिडल्या. थांबल्या, सायकल आडवी टाकली आणि म्हणाल्या, "मी काय बैल आहे?"

"छे गं," वन्सं म्हणाली. "बैलाला निदान शिंगं असतात."

दोघी रस्त्याच्या कडेला बसून हसल्या म्हणे. मग परत वहिनी पुढे, वन्सं मागे.

दोनशेच्या राईडला दोघींनी नावं दिली होती. तोपर्यंत त्यांचं सगळ्यात लांबचं म्हणजे शंभरच्या आसपास. घरातला नवरा म्हणाला, "दोनशे? गाडी कशाला शोधली मग माणसाने?" पण तो असाच. हिशेबनीस माणूस, कळवळा असला तरी तोंडातून प्रश्नच निघणार.

आणि मग एका मंगळवारी दुपारी, ऑफिसात, वन्संने टेबलावर डोकं ठेवलं. शेजारच्या बाईला वाटलं डुलकी लागली. चहा आला तेव्हा तिने उठवायला हात लावला...

इथे काका थोडे थांबले. कोणीतरी अंधारात कूस बदलली.

वहिनी दातांच्या लॅबमध्ये काम करायच्या. कवळ्या, एकेकटे दात, मेणाचे साचे, छोटीशी भट्टी. माणूस बोलायला लागला की त्या आधी दात बघायच्या, मग शब्द ऐकायच्या. वन्सं गेल्यावर चौथ्या दिवशी त्या कामावर हजर झाल्या आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या पुढच्या दाताचा रंग असा जुळवला, की डॉक्टरांनी फोन करून शाबासकी दिली. रडल्या नाहीत. घरी नाही, बाहेर नाही. नवरा रात्री न्हाणीघरात नळ सोडून रडायचा, ते यांना ऐकू यायचं. नळ बंद झाला की या ताट वाढायला उठायच्या.

राईड घेणाऱ्यांचा फोन आला. "त्यांचं नाव काढू ना?"

"काढा."

"आणि तुमचं?"

"राहू दे."

मला त्या एकदा पंक्चर काढता काढता म्हणाल्या होत्या, "काका, दाताला भूल दिल्यावर कसं होतं? गालाला हात लावला की गाल आहे हे कळतं, पण आपला आहे असं वाटत नाही. मला सगळीकडे तसं झालंय. भूल तासा-दोन तासांत उतरायला पाहिजे हो. ही महिने झाले उतरत नाही." मग हसल्या. "दोनशे पूर्ण करून बघते. एवढं अंग मोडल्यावर तरी काहीतरी वाटेल. नाहीतर मी आपली लाकडाचीच झाले म्हणायची."

बाकी काही नको होतं त्यांना. पदक नको, फोटो नको. काहीतरी वाटायला हवं होतं.

"मग?" चष्मिसने विचारलं.

मार्चमधला दुसरा शनिवार. दुपारी दोनला राईड सुटली. रात्री साडेतीनच्या आत परत यायचं होतं. उन्हाळा तोंडावर, चार महिन्यांत पावसाचा थेंब नव्हता, रस्त्याच्या कडेची झाडंसुद्धा धुळीने पांढरी झाली होती. नवरा सोडायला आला होता. त्याने दोन्ही बाटल्या भरून दिल्या, लाइट लावून बघितला, बंद केला, परत लावून बघितला.

"जायलाच हवं का?"

"हो."

"रात्री एकटी?"

"बरेच जण आहेत अहो. आणि मी काय नवी नवरी आहे, पळवून न्यायला?"

तो हसला नाही. त्याने सीटवरून हात फिरवला, धूळ नव्हती तरी. "ये मग," म्हणाला. "मी जागा आहे."

उजेड होता तोवर वहिनी इतरांबरोबर होत्या. शंभर किलोमीटरवर थांबा होता, एका पेट्रोल पंपाच्या मागची खोली. तिथे कार्डावर शिक्का घेतला, केळं खाल्लं. चव आली नाही. तिथून पुढे प्रत्येक किलोमीटर त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात लांबचा होता, हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. बरोबरचे तरुण होते, ते पुढे जाऊ की नको असं करत रेंगाळायला लागले. वहिनी म्हणाल्या, "जा रे बाळांनो. माझ्यासाठी थांबलात तर तुमची लग्नं लांबतील." ते गेले. त्यांचे लाल दिवे बराच वेळ दिसत होते. मग एका वळणावर तेही गेले.

बारा वाजून गेले असतील.

रस्ता सपाट. दोन्ही बाजूंना कापणी झालेली रिकामी शेतं. चंद्र नाही. लाइटच्या उजेडात रस्त्याचा एक तुकडा, सतरंजीएवढा. तो तुकडा संपायचा नाही. वहिनींच्या करंगळ्या बधिर झाल्या होत्या, मग तळहात, मग पाय चाललेत की नाहीत हे खाली बघून ठरवायची वेळ आली. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं.

खड्डा आला. त्यांनी हात मागे नेला आणि बोटाने दाखवला.

दाखवल्यावर लक्षात आलं, की मागे कोणी नाही. सवय. स्वतःशीच म्हणाल्या, "शाबास वहिनी. आता काळोखाला खड्डे दाखवा."

थोड्या वेळाने परत खड्डा. परत हात मागे.

आणि मागून आवाज आला.

"कसला?" लांबूने विचारलं. त्याचा स्वतःचा आवाज जरा बारीक झाला होता.

टायरचा. तुम्हाला माहितीये, कोरड्या रस्त्यावर सायकलचा टायर कसा वाजतो. घूं... बारीक, एकसारखा. वहिनींचा स्वतःचा तसाच वाजत होता. मागचा तसा वाजत नव्हता. मागचा वाजत होता... सर्रर्र. ओल्या रस्त्यावर वाजतो तसा.

वहिनींनी वळून बघितलं नाही. चाकाला चाक असताना वळलं की हँडल सरकतं, दोघंही आडवे होतात. पहिल्या दिवशी शिकवतात हे. त्यांना वाटलं, मागे राहिलेला कोणीतरी आला, बोलायचं त्राण नसेल, येऊ दे बिचाऱ्याला आडोशाने. लाइट का नाही त्याच्याकडे, हा प्रश्न त्यांना पडला. पडला आणि गेला. त्यांच्या मनात तेव्हा काही टिकतच नव्हतं.

"बरोबर आहात ना?" त्यांनी विचारलं.

उत्तर नाही.

सर्रर्र...

वहिनी ओढत राहिल्या. पुढून वारा होता. मान खाली. गुडघे एक, दोन, एक, दोन. किती वेळ गेला त्यांना सांगता आलं नाही. मग त्या दमल्या. आणि दमल्यावर तीन वर्षं जे केलं, तेच केलं. विचार न करता. माणूस जांभई देतो तसं.

उजवं कोपर बाहेर काढलं. आणि हलवलं.

 व्यायामशाळेत लांबूने आपले हात गुपचूप मांडीखाली घेतले.

मागचा आवाज बाजूला झाला.

मग शेजारी आला.

मग पुढे गेला.

वहिनींनी मान वर केली नाही. दमलेला सायकलवाला पुढच्याचं चाक बघतो, बाकी काही बघत नाही. त्यांच्या लाइटच्या उजेडात एक मागचं चाक आलं. फिरणारं. काळं. ओलं. त्याच्या वर काय होतं, ते उजेडाच्या बाहेर होतं. त्यांनी बघितलं नाही. बघावंसंही वाटलं नाही.

वारा थांबला.

पुढे कोणी असलं की वारा थांबतोच. पण तीन वर्षांत वहिनींना हे कधी मिळालंच नव्हतं. इतकं सोपं असतं हे, त्यांना वाटलं. ही बया म्हणूनच कधी पुढे येत नव्हती. पाय आपोआप फिरत होते. श्वास लागत नव्हता. झोपेत चालवावं तसं. कानांत फक्त तो आवाज... आणि त्यांच्या डोक्यात अगदी शांतपणे आलं, की पुढे कोण आहे ते आपल्याला माहीत आहे.

भीती वाटली नाही. तेच तर म्हणत होत्या त्या. काहीच वाटत नव्हतं.

"ए," त्या म्हणाल्या. "आज बरी आलीस पुढे."

चाक फिरत राहिलं.

"भाऊ जागा आहे तुझा. घरी."

चाक फिरत राहिलं.

पुढे रस्त्याला फाटा होता. डावीकडे नवा रस्ता, नव्या पुलावरून गावात जाणारा. सरळ गेलं की जुना. राईडवाल्यांनी रस्त्यावर चुन्याने मोठा बाण काढला होता, डावीकडे. वहिनींना बाण दिसला. स्वच्छ दिसला. त्यांनी मला सांगितलं, काका, मला तो वाचता आला. आणि चाक सरळ गेलं. आणि मी चाकाच्या मागे गेले.

"का पण?" चष्मिस जवळजवळ ओरडली. "बाण दिसला होता ना!"

"मागे बसलेला माणूस बाण बघत नाही बाळ," काका म्हणाले. "चाक बघतो."

जुना रस्ता. डांबर उखडलेलं. कडेला पिंप आडवं पडलेलं, पाटी पडलेली, उलटी. गवत रस्त्यावर आलेलं. चाक कुठे अडखळत नव्हतं. खड्डे येत होते आणि पुढून कोणी बोटाने दाखवत नव्हतं. तेवढं एक वहिनींना खटकलं. वन्सं आळशी खरी. पण दाखवायला तरी पाहिजे.

सोपं होतं. फार सोपं. असंच जात राहावं. दोनशे नाही, घर नाही, लॅब नाही. रात्री नळाचा आवाज नाही. आडोसा. नुसता आडोसा...

किती वेळ?

आणि इथे त्या बाईचा स्वभाव आडवा आला. तुम्ही म्हणाल देव आठवला, नवरा आठवला. तसलं काही नाही. तिला लाज वाटली. दुसऱ्याने वारा खायचा आणि आपण इतका वेळ मागे बसायचं? लोक काय म्हणतील? आणि लोक नव्हतेच तिथे, तरी लाज वाटली. काही बायका पाहुण्यांच्या घरीसुद्धा उठून भांडी घासायला लागतात ना, तशातली ती. बसवेना.

"पुरे," वहिनी म्हणाल्या. "दमशील. हो मागे. मी ओढते."

चाक मागे झालं नाही.

"ए वन्सं. ऐक ना. मी ओढते म्हणाले ना."

नाही.

मग त्यांनी आपणच हँडल वळवलं. उजवीकडून बाहेर निघाल्या. आडोशातून. जोर लावला. शेजारी आल्या...

वारा तोंडावर आदळला.

शेजारी कोणी नव्हतं.

पुढे रस्ता होता. सतरंजीएवढा.

मग अर्धी सतरंजी.

मग...

ब्रेक.

सायकल घसरली, आडवी झाली, त्यांचा एक पाय खाली टेकला. पुढचं चाक थांबलं. चाकाच्या पुढे हातभर सिमेंट. त्याच्या पुढे सळया, वाकलेल्या. त्याच्या पुढे काही नाही. जुन्या पुलाचा मधला भाग काढून टाकला होता. उजेड खाली जात होता आणि खाली कुठेच पोचत नव्हता.

नदी कोरडी होती. पाण्याचासुद्धा आवाज नव्हता.

वहिनी तशाच उभ्या राहिल्या. पाय दोन्हीकडे, सायकल मध्ये. बाटली काढली. पाणी प्यायल्या. बाटली जागेवर ठेवली.

आणि मग तो आवाज आला. समोरून. नसलेल्या पुलाच्या पलीकडून. पलीकडच्या तुकड्यावरून.

सर्रर्र...

लांब जात होता.

"वन्सं?" वहिनी म्हणाल्या.

आवाज थांबला.

...

...

मग परत सुरू झाला. आणि गेला.

व्यायामशाळेत पंप कुणाच्या तरी पायाला लागून पडला, तर चार जण बसल्या जागी उडाले. कोणी हसलं नाही. काकाही हसले नाहीत.

"ती... ती घेऊन जायला आली होती का?" लांबूने विचारलं.

"मला काय माहीत?"

"मग थांबली का?"

"मला माहीत नाही रे. वहिनींनाही माहीत नाही. काही जण म्हणतात, ती वन्सं नव्हतीच. कोपर हलवलं, जे कोणी मागे होतं ते पुढे आलं. खुणेला कोण यावं, हे खूण करणाऱ्याच्या हातात नसतं."

"आणि वहिनी?"

वहिनी वळल्या. फाट्यापर्यंत परत आल्या. चुन्याच्या बाणावरून वळल्या. पुढचं सगळं अंतर एकट्यांनी वारा खाल्ला. त्यातलं त्यांना एवढंच आठवतं. वारा लागत होता. तोंडाला, मानेला, बोटांना. थंड होता. लागत होता.

मी टेबलावर होतो. सगळे येऊन गेले होते, काही तिथेच बाकावर घोरत होते. वेळ संपायला दहा-पंधरा मिनिटं राहिली असतील. लांबून एक लाइट दिसला. मी उभा राहिलो. मला वाटलं ओरडावं, शाबास वहिनी, दोनशे! माझ्या तोंडात शब्द तयार होता.

ती उजेडात आली आणि शब्द तोंडातच राहिला.

मी म्हटलं, "पडलात का?"

"नाही," ती म्हणाली. "झाले ना दोनशे?"

"झाले.  अहो, पण हे काय?"

"काय?"

मी खुर्चीवरचा रुमाल पाण्यात बुडवून तिच्या हातात दिला. तिला कळेना कशाला. मी तिच्या तोंडाकडे बोट दाखवलं.

चिखल होता. कपाळावर, नाकावर, हनुवटीवर, सदऱ्याच्या पुढच्या बाजूला. वाळलेला नाही. ओला. बारीक बारीक थेंबांचा, एका उभ्या पट्ट्यात उडालेला. आणि त्या चिखलातून दोन्ही डोळ्यांखाली दोन रेघा, स्वच्छ, थेट हनुवटीपर्यंत धुतलेल्या. वाऱ्याने डोळ्यांना पाणी आलं असेल. असेल. किती वेळ येत होतं, तिला पत्ता नव्हता. तिने गालाला हात लावला, बोटं बघितली आणि खालीच बसली. तिथेच, टेबलाच्या पायाशी. मग मात्र आवाज फुटला. बाकावरचे घोरणारे उठून बसले.

मी तिला रडू दिलं. तिच्या नवऱ्याला फोन लावला, तो पहिल्याच घंटीला उचलला गेला. फोन तिच्या कानाला लावला. ती काही बोलली नाही. पलीकडून तोही काही बोलला नाही. पण दोघांनी फोन ठेवला नाही.

तोवर मी तिची सायकल भिंतीला लावायला नेली. जाता जाता हात फिरवून बघितला. दोन्ही टायर कोरडे. सुकी धूळ. मागचं चाक, पुढचं चाक, साखळी, सगळीकडे पिठासारखी धूळ. चिखलाचा एक ठिपका नाही.

काका थांबले.  मग चष्मिसचा आवाज आला, अगदी हळू. ती विचारत नव्हती, मनातल्या मनात जुळवत होती.

"आपल्या मागच्या चाकाचा चिखल आपल्या पाठीवर उडतो... पुढच्या चाकाचा पायांवर. तोंडावर उडतो तो... तो पुढच्या माणसाच्या चाकाचा."

"हो," काका म्हणाले.

"पण पाऊसच नव्हता ना काका? चार महिने?"

"नव्हता. पुढेही तीन महिने नव्हता." काकांनी पांघरूण ओढून घेतलं. "मी तेच म्हणालो तिला. म्हटलं, वहिनी, इकडे कुठे हो पाऊस? तर तिने रुमाल उलटा केला, पुसलेला चिखल बघितला, आणि घरातल्यासारखं म्हणाली, अगदी अहो-जाहो करून..."

"काय?"

"'त्यांच्याकडे पडत असेल.'"